निर्वासितांना कोण सामावून घेतं, कोण नाकारतं: सीमाभागातल्या वाचकांचे वारंवार येणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातले वाचक निर्वासितांविषयी सतत काही ना काही विचारत असतात. बातमी युक्रेनची असो, रोहिंग्यांची असो किंवा मिझोरामची, चौकशीचा रोख बहुतेक वेळा सारखाच असतो: तिथल्या साध्या माणसांना काय वाटतं, आणि ते मत मध्येच का पालटतं? पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. एक उत्तर दुसऱ्याला येऊन भिडतं तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. निर्वासित, स्थलांतरित, विस्थापित, घुसखोर... पेपरात सगळेच शब्द येतात. यांच्यात फरक काय?

वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या सामाजिक गटातलं असणं किंवा राजकीय मत यांपैकी कशामुळे तरी छळ होईल, अशी रास्त भीती वाटून जो देशाबाहेर पडला तो निर्वासित. ही व्याख्या १९५१ च्या जिनिव्हा कराराची. हा करार आधी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे घर सुटलेल्यांपुरता होता. १९६७ च्या पूरक कराराने काळाची आणि प्रदेशाची मर्यादा काढली. आश्रय मागितला आहे पण निर्णय व्हायचा आहे, तो आश्रयार्थी. निपाणीचा मुलगा नोकरीसाठी पुण्याला किंवा दुबईला जातो, तो स्थलांतरित. हिडकल धरणात ज्यांची घरं-शेतं गेली ते विस्थापित. घर गेलं, पण देश सुटला नाही.

घुसखोर हा आरोप आहे, कायद्यातला वर्ग नव्हे. जिवाच्या भीतीने थेट धोक्याच्या जागेहून आलेल्या आणि लगेच अधिकाऱ्यांपुढे हजर झालेल्या माणसाला केवळ विनापरवाना सीमा ओलांडली म्हणून शिक्षा करू नये, असं त्याच कराराचं कलम ३१ सांगतं.

२. सगळे निर्वासित युरोप-अमेरिकेतच जातात ना?

नाही. २०२४ च्या अखेरीस जगात सुमारे १२ कोटी ३२ लाख माणसं बळजबरीने घर सोडलेली होती. त्यातली सात कोटींहून जास्त आपापल्या देशातच विस्थापित होती. देशाबाहेर पडलेले निर्वासित सव्वाचार कोटींच्या आसपास. त्यांतले जवळपास दोन-तृतीयांश शेजारच्याच देशात थांबले, आणि सुमारे ७३ टक्के गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहत होते. तेव्हाचे मोठे यजमान म्हणजे इराण, तुर्कस्तान, कोलंबिया, जर्मनी आणि युगांडा. पाचांत श्रीमंत देश एकच. लोकसंख्येच्या प्रमाणात मोजलं तर लेबनॉनमध्ये दर आठ माणसांमागे एक निर्वासित होता, चाडमध्ये दर सोळांमागे एक.

हे आकडे आधी डोक्यात ठेवावेत असं मला वाटतं. लोकमतावरची बहुतेक चर्चा श्रीमंत देशांच्या टीव्हीवरून आपल्यापर्यंत येते, आणि ओझं प्रत्यक्षात उचलणारी गावं तिच्यात दिसत नाहीत.

३. भारताने तर त्या करारावर सहीच केलेली नाही. मग इथे निर्वासित कोण हे ठरवतं कोण?

बरोबर, भारताने १९५१ च्या करारावरही सही केलेली नाही आणि १९६७ च्या पूरक करारावरही. निर्वासितांसाठी वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. परदेशी माणसांसाठी जो कायदा तोच यांनाही लागू; १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याची जागा आता २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. व्यवहारात केंद्र सरकार गटागटाने ठरवतं. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळांची जबाबदारी सरकारने थेट घेतली. अफगाण, म्यानमारचे वगैरे लोकांची नोंद यूएनएचसीआर ही संयुक्त राष्ट्रांची संस्था करते. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना नागरिकत्वाची वाट दिली. मुस्लिम त्यात नाहीत.

तरीही राज्यघटनेची कलमं १४ आणि २१ नागरिकांपुरती नाहीत, इथल्या प्रत्येक व्यक्तीला ती लागू आहेत. अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांच्या १९९६ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं: स्थानिक संघटनांनी हुसकावण्याची धमकी दिली तर त्या लोकांच्या जिवाचं रक्षण करणं राज्याचं काम आहे.

४. आपल्या भागात कधी परदेशी निर्वासित आले होते का?

आले होते, आणि तेही पोलंडहून. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सायबेरिया आणि मध्य आशियात नेऊन टाकली. सोव्हिएत आणि पोलिश सरकारांच्या १९४१ च्या समझोत्यानंतर सुटका झालेल्यांपैकी बरेच जण इराणमार्गे बाहेर पडले. त्यांच्यातली सुमारे ५,००० माणसं, मुख्यतः बाया आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथल्या छावणीत राहिली. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काउटचं पथक होतं. गुजरातेत जामनगरच्या महाराजांनी बालाचडीला पोलिश मुलांना ठेवून घेतलं, ती गोष्ट जास्त लोकांना ठाऊक असते. वळिवडे संख्येने कितीतरी मोठं होतं. आज कोल्हापुरात त्याचं स्मारक आहे, आणि पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

पोलिश लोक गेले आणि त्याच छावणीच्या जागेत सिंधमधून फाळणीने उखडलेली कुटुंबं आली. तेच आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला बेळगाव-निपाणीकडून ज्या कापडबाजारात गाड्या भरून जातात, तो बाजार निर्वासितांनी उभा केलेला आहे. ही गोष्ट नव्या पिढीतल्या फारशा कुणाला माहीत नसते, आणि ती माहीत असायला हवी.

एक मात्र लक्षात घ्या. वळिवडेच्या छावणीचा खर्च लंडनहून चालणाऱ्या पोलिश सरकारच्या नावावर होता. हे लोक युद्ध संपल्यावर जाणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि स्थानिकांच्या रोजगारावर त्यांचा भार नव्हता. शेजाऱ्यांनी माया दाखवली हे खरंच. ती माया आटू नये अशी परिस्थितीही होती. सिंधी आले ते कायमचे आले. त्यांच्याबाबतीत स्वीकाराची वाट वेगळी होती, व्यापारातून आणि हळूहळू.

५. मुंडगोडचे तिबेटी साठ वर्षं शांतपणे राहिलेत. तिथे जमलं ते दुसरीकडे का जमत नाही?

हा प्रश्न फार जणांनी विचारला आहे, आणि मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो हाच, कारण याचं उत्तर हुबळीच्या पलीकडे जाऊन डोळ्यांनी बघता येतं.

१९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, मागोमाग हजारो तिबेटी. त्यांना उत्तरेतल्या रस्त्यांच्या कामावरून हलवून कुठेतरी वसवणं भाग होतं. तेव्हाच्या म्हैसूर राज्याने जमीन दिली: आधी बैलकुप्पे, मग १९६६ पासून उत्तर कन्नड जिल्ह्यातलं मुंडगोड, शिवाय हुणसूर आणि कोळ्ळेगाल. तिबेटमधले गानदेन आणि द्रेपुंग हे थोर मठ मुंडगोडला नव्याने उभे राहिले.

जमण्याची कारणं मला अशी दिसतात. दिलेली जमीन बहुतांशी जंगलाची होती, कसत्या शेतकऱ्याच्या हातातून काढून घेतलेली नव्हती. तिबेट्यांना शेती करू दिली, सहकारी सोसायट्या काढू दिल्या, थंडीत गावोगाव स्वेटर विकायला जाऊ दिलं. म्हणजे स्वतःच्या पायावर उभं राहायला पहिल्यापासून मुभा होती. त्यांच्या शेतांवर आसपासच्या मजुरांना काम मिळालं, दुकानांना गिऱ्हाईक मिळालं, वसाहतीतल्या दवाखान्यात शेजारच्या गावांतले रुग्णही जाऊ लागले. आणि संख्या आवाक्यातली होती.

तरी हे चित्र सगळीकडे सारखं नाही. हिमाचलात धरमशाळेला एप्रिल १९९४ मध्ये एका स्थानिक तरुणाचा तिबेटी तरुणाच्या हातून खून झाला आणि तिबेट्यांच्या दुकानांवर, कार्यालयांवर हल्ले झाले. तिथे दोन्ही समाज पर्यटनाच्या एकाच बाजारात, एकाच अरुंद डोंगरउतारावर होते. तिबेटी तेच, देश तोच. बदलली होती ती जागेची आणि धंद्याची मांडणी. लोकमत हा एखाद्या समाजाचा जन्मजात स्वभाव असतो असं मी मानत नाही, त्यामागे मुंडगोड आणि धरमशाळा यांच्यातला हा फरक आहे.

६. जर्मनीने २०१५ मध्ये टाळ्या वाजवून स्वागत केलं. मग आता तिथेच एवढा विरोध कसा?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ३१ ऑगस्ट २०१५ ला चॅन्सेलर मर्केल 'आपण हे निभावू' म्हणाल्या. सप्टेंबरात म्युनिच स्टेशनवर लोक पाणी, खेळणी, कपडे घेऊन उभे होते. त्या एका वर्षात सुमारे ८ लाख ९० हजार आश्रयार्थी आले. वर्षअखेरच्या रात्री कोलोनमध्ये शेकडो स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांच्या तक्रारी पुढे आल्या, संशयितांत आश्रयार्थीही निघाले आणि हवा फिरली. एएफडी या स्थलांतरविरोधी पक्षाला २०१३ मध्ये ४.७ टक्के मतं होती. २०१७ मध्ये ती १२.६ झाली, २०२५ मध्ये २०.८.

पण स्टेशनवर उभे राहिलेले आणि एएफडीला मत देणारे हे बरेचसे वेगवेगळे लोक आहेत. 'जर्मन लोकांचं मन बदललं' असं एका दमात म्हटलं की ही गोष्ट हरवते. २०१५ मध्ये आलेल्यांपैकी जवळपास दोन-तृतीयांश लोक आता कामाला आहेत, स्वागत करणाऱ्यांपैकी कित्येक आजही भाषा शिकवायला जातात. बदललं ते मधल्या लोकांचं मत, जे आधी गप्प होते. घरांची टंचाई, शाळांवरचा ताण, आश्रयार्थ्यांकडून झालेले काही चाकूहल्ले, आणि 'हे कुणाच्या हातात आहे की नाही' ही धास्ती, यांनी ते सरकलं. माझ्या वाचनात ही शेवटची गोष्ट सगळ्यांत जड पडते. व्यवस्था चालू आहे असं दिसलं तर लोक मोठे आकडेही पचवतात.

७. पोलंडने सीरियन नाकारले आणि युक्रेनी घरात घेतले. हा सरळसरळ दुजाभाव नाही का?

दुजाभाव आहे. २०१५ मध्ये इटली-ग्रीसमधल्या आश्रयार्थ्यांची देशादेशांत वाटणी ठरली तेव्हा पोलंडने आपला वाटा घेतला नाही, आणि २०२० मध्ये युरोपीय न्यायालयाने तो नियमभंग ठरवला. २०२१ मध्ये बेलारूसच्या सीमेवरच्या जंगलात आलेल्या इराकी, सीरियन, अफगाण लोकांना मागे ढकललं गेलं. काही महिन्यांतच, फेब्रुवारी २०२२ मध्ये, त्याच देशाने लाखो युक्रेनी बाया-मुलांना घराघरांत ठेवून घेतलं. युरोपीय संघाने २००१ पासून कागदावर असलेला तात्पुरत्या संरक्षणाचा नियम तेव्हा पहिल्यांदा वापरला, म्हणून त्यांना पहिल्या दिवसापासून काम करता आलं.

धर्म आणि रंग हे कारण आहेच. १५ युरोपीय देशांतल्या १८,००० मतदारांवर केलेला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. लोकांना वेगवेगळ्या आश्रयार्थ्यांची वर्णनं देऊन निवड करायला सांगितली. ज्यांना काम मिळण्यासारखं आहे, ज्यांच्या सांगण्यात विसंगती नाही, ज्यांनी जास्त सोसलं आहे, त्यांना पसंती मिळाली. आणि मुस्लिमांपेक्षा ख्रिश्चनांना. शिवाय पोलंडमध्ये आधीपासून काम करणारे लाखो युक्रेनी होते आणि रशियाची भीती दोघांना समान होती.

पण हेही पाहा: मार्च २०२२ मध्ये युक्रेनींना आसरा द्यावा म्हणणारे पोलंडमध्ये ९० टक्क्यांच्या वर होते, अडीच वर्षांत ते निम्म्याच्या आसपास आले. माणसं तीच, धर्म तोच, रंग तोच. आपलेपणामुळे दार उघडतं. पुढे ते किती काळ उघडं राहतं हे दुसऱ्या गोष्टींवर ठरतं. त्या गोष्टी प्रश्न ९ मध्ये आहेत.

८. युगांडासारखा गरीब देश एवढ्या लोकांना कसा काय घेतो?

युगांडात २०२४ च्या अखेरीस १८ लाखांच्या आसपास निर्वासित होते, मुख्यतः दक्षिण सुदान आणि काँगोचे. २००६ च्या कायद्याने त्यांना फिरण्याची आणि काम करण्याची मुभा दिली. वसाहतीत राहायला-पिकवायला जमिनीचा तुकडा मिळतो. २०१६ मध्ये उभी राहिलेली बिदी बिदी ही त्यातली प्रचंड वसाहत. येणाऱ्या मदतीतला सुमारे ३० टक्के भाग आजूबाजूच्या स्थानिकांसाठी वापरायचं धोरण आहे. निर्वासितांसाठी शाळा निघाली तर गावच्या पोरांनाही बाक मिळतो, बोअर मारली तर गावालाही पाणी मिळतं.

आणखी एक कारण आठवणीचं आहे. बिदी बिदी ज्या वेस्ट नाइल भागात आहे तिथले लोक १९७९ मध्ये हुकूमशहा इदी अमीनची सत्ता गेल्यावर स्वतः सुदान-काँगोत पळाले होते. कोलंबियातही हेच: कोलंबियन लोक पूर्वी यादवीतून व्हेनेझुएलात जात, आता व्हेनेझुएलाचे लोक इकडे आले. २०२१ मध्ये सरकारने त्यांना दहा वर्षांचा परवाना देऊ केला.

यांना देवमाणसं समजू नका. बोगोटात व्हेनेझुएलाच्या माणसाला घर भाड्याने मिळायला त्रास होतो. युगांडात सरपणावरून भांडणं होतात आणि परदेशी मदत आटली, रेशन कापलं की ताण वाढतो.

९. २०१९ च्या पुरात आम्ही पूरग्रस्तांना शाळेत ठेवलं, भाकरी पोचवल्या. कुणी कुरकुरलं नाही की. मग तुर्कस्तान, बांगलादेशचे लोक आपल्याच धर्माच्या माणसांना का कंटाळतात?

ऑगस्ट २०१९ मध्ये निपाणी, चिक्कोडी, अथणी, गोकाककडे काळजी केंद्रं चालली ती काही दिवस, काही आठवडे. कल्पना करा, ते वर्ग तेरा वर्षं भरलेले आहेत, शाळा भरवायला जागा नाही, आणि आलेल्या माणसाला कायद्याने मजुरीला जाता येत नाही म्हणून तो चोरून निम्म्या हजेरीवर जातो.

तुर्कस्तानात असंच झालं. २०११ पासून सीरियन येऊ लागले तेव्हा सरकार त्यांना पाहुणे म्हणत होतं. आकडा ३६-३७ लाखांवर गेला. रीतसर परवान्यावर काम करणारे थोडे, बाकी शिवणकामाच्या कारखान्यांत, शेतांत कमी पगारावर. भाडी वाढली, महागाई भडकली. २०२१ मध्ये अंकाराच्या अल्तिंदाग भागात आणि २०२४ मध्ये कायसेरीत सीरियनांची दुकानं फोडली गेली. २०२३ च्या निवडणुकीत विरोधी उमेदवाराच्या फलकांवर 'सीरियन जाणार' असं लिहिलेलं होतं.

बांगलादेशात २५ ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांत सात लाखांवर रोहिंग्या आले. उखिया-टेकनाफच्या लोकांनी पहिले दिवस स्वतःच्या चुलीवरचं अन्न दिलं. भाषा जवळची, धर्म एक. पण छावणीसाठी टेकड्यांवरचं जंगल गेलं, मजुरीचा दर पडला, आणि परतीचा दिवस कुणालाच दिसेना.

दोन्हीकडे लोकांची माया खोटी नव्हती. मला खटकतं ते हे, की पाहुणे म्हणून बोलावलेल्यांबद्दल यजमानांना 'हे किती दिवस राहणार' याचं खरं उत्तर कुणी दिलं नाही, आणि काम करायचा हक्क नाकारून त्यांना स्थानिक मजुराचाच प्रतिस्पर्धी करून ठेवलं.

१०. जपान तर घेतच नाही म्हणे?

फार थोडे. २०२३ मध्ये जपानने ३०३ जणांना निर्वासित म्हणून मान्यता दिली आणि तो तिथला विक्रम होता. २०२४ मध्ये १९०. युक्रेनच्या दोन हजारांवर लोकांना मात्र वेगळ्या नावाखाली घेतलं. जपानी लोक त्यांच्या मदतीला उत्साहाने पुढे आले होते, म्हणजे नियम आणि लोकमत नेहमी एकाच मापाचे नसतात.

११. निर्वासित शेजारी राहायला आले की लोकांचं मत सुधारतं का बिघडतं?

दोन्ही होतं, आणि कधी काय होतं हे बऱ्यापैकी कळलेलं आहे. २०१५ मध्ये वरच्या ऑस्ट्रियात काही गावांत निर्वासित प्रत्यक्ष राहायला आले, तर सीमेवरच्या काही गावांतून ते नुसते जात राहिले. जिथे राहिले तिथे स्थलांतरविरोधी पक्षाची वाढ तुलनेने कमी झाली, जिथून नुसते गेले तिथे जास्त. तुर्कस्तानच्या किनाऱ्यासमोरच्या ग्रीक बेटांवरही हेच दिसलं: हजारो लोक उतरले आणि पुढे गेले, ओळख कुणाशीच झाली नाही, आणि तिथल्या रहिवाशांच्या मनात वैर वाढलं.

थोडक्यात, रांग बघून भीती वाढते, शेजार मिळाला तर कमी होते. पण त्या शेजारात बरोबरीने भेटायची सोय लागते: शाळा, कामाची जागा, दुकान. कुंपणाच्या आतल्या छावणीतून असा शेजार होत नाही.

१२. भारतात एकीकडे मिझोराम निर्वासितांना सांभाळतं, दुसरीकडे आसामात आंदोलन. असं का?

फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारात लष्कराने सत्ता घेतली आणि तिथल्या चिन जमातीचे लोक मिझोरामात आले. केंद्राने त्यांना अडवायला सांगितलं. तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून सांगितलं की हे आमचे रक्ताचे लोक आहेत. तीस हजारांहून जास्त माणसांना चर्चने, यंग मिझो असोसिएशनने, गावसमित्यांनी पोसलं. सरकार बदललं तरी धोरण टिकलं. सीमारेषा नंतर आखली गेली, नाती आधीची. सीमाभागातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये.

आसामचं दुखणं निराळं आहे. १९७९ ते १९८५ च्या आंदोलनामागे जमीन, मतदारयादी आणि आपल्याच राज्यात आपली भाषा अल्पसंख्य होण्याची भीती होती. करार १५ ऑगस्ट १९८५ ला झाला, २४ मार्च १९७१ ही तारीख ठरली, त्यानंतर बांगलादेशातून आलेले परदेशी धरायचे. तिथे विरोध बंगाली हिंदूंनाही झाला आणि मुस्लिमांनाही. त्या भीतीला नुसता द्वेष म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. पण २०१९ च्या नागरिक नोंदवहीत १९ लाखांवर माणसं बाहेर राहिली आणि एका घरातले भाऊ वेगवेगळ्या यादीत गेले, त्याचंही समर्थन होऊ शकत नाही.

तिसरं उदाहरण तमिळनाडूचं. १९८३ नंतर श्रीलंकन तमिळांना तिथे डोक्यावर घेतलं होतं. २१ मे १९९१ ला राजीव गांधींची हत्या झाली आणि काहीही न केलेली छावणीतली कुटुंबंही संशयाखाली आली. एका गटाच्या गुन्ह्याचा हिशेब सगळ्यांकडून मागायचा, हेच कोलोननंतर जर्मनीतही झालं (प्रश्न ६).

१३. आम्ही सीमाभागातले मराठीसुद्धा १९५६ पासून ताटकळतोय. आम्हीही निर्वासितच म्हणायचे का?

ही भावना मी हलकी मानत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला रेषा ओढली गेली, महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. घरातल्या तीन पिढ्यांचं आयुष्य त्यात गेलं आहे.

तरीही निर्वासित म्हणू नये. आपल्याकडे नागरिकत्व आहे, मत आहे, सातबारा किंवा उतारा आपल्या नावावर आहे, कोर्टात जाता येतं. निर्वासिताकडे त्याच्यासाठी उभं राहणारं राज्यच नसतं. आपल्या मागणीला जे नाव आहे, भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क, ते पुरेसं भक्कम आहे. दुसऱ्याचं दुःख उसनं घेतल्याने ते मजबूत होत नाही. या अनुभवाचा उपयोग मला दुसरीकडे दिसतो: आसामी माणसाची भाषेची भीती आणि परक्या लिपीतला सरकारी कागद हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाची लाचारी, या दोन्ही आपल्याला कळू शकतात.

१४. आमच्याकडे बांधकामावर बंगाली बोलणारी पोरं आलीत. ती बांगलादेशी निर्वासित असतील का? कसं ओळखायचं?

बोलण्यावरून ओळखता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. बंगाली ही पश्चिम बंगाल आणि त्रिपुराची भाषा आहे, आसामच्या बराक खोऱ्यातली आहे. आपल्याच कर्नाटकात रायचूर जिल्ह्यात सिंधनूरला पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांच्या सरकारने वसवलेल्या वसाहती आहेत. कर्नाटकात मराठी बोलतो म्हणून जसा कुणी परका ठरत नाही, तसंच हे. कामावर ठेवणाऱ्याने सगळ्याच मजुरांची ओळखपत्रं घ्यावीत. शंका असली तर पडताळणी पोलिसांनी करायची. गल्लीतल्या पोरांनी कागद मागत फिरायचं नाही.

१५. 'इतके टक्के लोक निर्वासितांच्या बाजूने' असे आकडे येतात. त्यावर विश्वास ठेवावा का?

प्रश्न काय विचारला ते आधी बघा. 'छळातून पळालेल्याला दुसऱ्या देशात आसरा मिळावा का' असं तत्त्व म्हणून विचारलं की बहुतेक देशांत बहुसंख्य लोक हो म्हणतात. 'तुमच्या देशाने आणखी घ्यावेत का' म्हटलं की आकडा घसरतो. 'तुमच्या गावात' म्हटलं की आणखी. निर्वासित आणि कामासाठी आलेले यांची सरमिसळ केलेले प्रश्नही पुष्कळ असतात (प्रश्न १). शिवाय युरोप-अमेरिकेतल्या सहा देशांच्या एका अभ्यासात असं आढळलं, की बाहेरून आलेल्यांचं प्रमाण लोक प्रत्यक्षापेक्षा बरंच जास्त धरून चालतात.

दुसरं, लोकमत आणि कृती दोन्ही दिशांनी जाऊ शकतात. जानेवारी १९३९ मध्ये अमेरिकेत विचारलं होतं, जर्मनीतून दहा हजार निर्वासित मुलं, त्यातली बरीच ज्यू, आणावीत का? ६१ टक्के लोक नाही म्हणाले, आणि मुलं आणली गेली नाहीत. कॅनडात १९७९-८० मध्ये ६०,००० इंडोचिनी (व्हिएतनाम, कंबोडिया, लाओसचे) निर्वासित आले. त्यातल्या निम्म्याहून जास्तांचा पहिल्या वर्षाचा खर्च आणि काळजी साध्या नागरिकांच्या गटांनी, चर्चनी उचलली. यासाठी १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं नान्सेन पदक सबंध कॅनडाच्या जनतेला मिळालं. त्याच कॅनडात २०२४ मध्ये ५८ टक्के लोक 'बाहेरून येणारे फार झाले' म्हणाले, आणि कारण म्हणून घरांची टंचाई पुढे आली.

१६. तिबेटी माणसाला किंवा निर्वासित कार्ड असलेल्या परदेशी कुटुंबाला खोली भाड्याने द्यावी का? नंतर काही लफडं होत नाही ना?

देता येते. परदेशी नागरिकाला घरात ठेवणाऱ्याने त्याची माहिती २४ तासांच्या आत ठरलेल्या नमुन्यात सरकारला कळवायची असते. 'सी फॉर्म' म्हणून लॉजवाले ज्याला ओळखतात तीच ही नोंद, आणि ती घरमालकालाही लागू आहे. ऑनलाइन होते. जमत नसेल तर जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात चौकशी करा. तिबेट्यांकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं, त्याची मुदत बघून प्रत ठेवा आणि भाडेकरार लेखी करा. यूएनएचसीआरचं कार्ड ओळख पटवायला उपयोगी आहे, पण तो व्हिसा नाही. असं कुटुंब असेल तर पोलिसांना आधी विचारलेलं बरं.

यात एक अपवाद बहुतेकांना माहीत नसतो. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली तिबेटी व्यक्ती जन्माने भारतीय नागरिक आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हे मान्य केलं. अशा माणसाने भारतीय पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवलं, तर परदेशी भाडेकरूची नोंद लागत नाही. इतर कुठल्याही भाडेकरूसारखाच करार करायचा.